बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात ऑनलाइन अध्यापन नेमके कुठे बसवावे?

प्रश्न : ट्यूटर, नेरूळ

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका खासगी नर्सिंग महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्राला ॲडल्ट हेल्थ नर्सिंगचा पहिला भाग शिकवते. वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले बरेच जण शहापूर, मुरबाड, रोहा, माणगाव या भागांतून आलेले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत. पुढील वर्षापासून या विषयाचा काही भाग ऑनलाइन शिकवावा असे व्यवस्थापनाच्या मनात आहे. एका कंपनीने आपले तयार पॅकेज दाखवूनही झाले. त्यात रेकॉर्ड केलेली व्याख्याने, शरीररचनेची त्रिमितीय चित्रे, प्रोसिजरचे व्हिडिओ आणि चाचण्या असे सगळे आहे. प्राचार्यांनी यावर माझ्याकडून टिपण मागितले असून थिअरीचे किती तास ऑनलाइन नेता येतील याचा आकडा त्यात असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

आकडा देणे अवघड नाही, परंतु सुरुवात तिथून करावी की नाही याविषयी मला शंका आहे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळी थिअरी मोबाइलवरून शिकवली. विद्यार्थ्यांनी मधुमेहाची लक्षणे, गुंतागुंत, आहार हे सगळे चोख पाठ केले, आणि पोस्टिंग (रुग्णालयातील वॉर्डात प्रत्यक्ष काम) पुन्हा सुरू झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांचे हात इन्सुलिन भरताना, सलाइनचा वेग लावताना आणि ऑपरेशनहून आलेल्या रुग्णाची पहिल्या तासातील नोंद ठेवताना अडखळू लागले. त्या वेळी पर्याय नव्हता, त्यामुळे तुलना करणे योग्य नाही हे मला मान्य आहे. आता मात्र पर्याय आहे, म्हणून विचारते : या विषयातला कोणता भाग ऑनलाइन नेल्याने विद्यार्थी वॉर्डात अधिक तयार होऊन येतील? सकाळचे पोस्टिंग आणि दुपारचे वर्ग आटोपून थकलेला विद्यार्थी संध्याकाळी हे खरोखर पाहील यासाठी आपण काय करता? आणि तयार पॅकेज घ्यावे की आपले आपण तयार करावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे त्यांनी, आणि ज्यांच्या वॉर्डात हे विद्यार्थी येतात त्या सिस्टरांनीही, कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त प्राचार्या, ठाणे पूर्व

मॅडम, तुमची शंका रास्त आहे. टिपणात पहिल्यांदा अभ्यासक्रमातील तासांचा हिशेब मांडा, म्हणजे पुढची बरीचशी चर्चा आपोआप मार्गी लागेल.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सुधारित अभ्यासक्रम २०२१-२२ पासून सत्र आणि श्रेयांक पद्धतीने सुरू झाला. २० आठवड्यांच्या सत्रात एक श्रेयांक म्हणजे थिअरीचे २० तास, स्किल लॅबचे ४० तास किंवा क्लिनिकलचे ८० तास. तुमच्या विषयाला थिअरीचे ७, लॅबचा १ आणि क्लिनिकलचे ६ श्रेयांक आहेत, म्हणजे अनुक्रमे १४०, ४० आणि ४८० तास. परीक्षेला बसण्यासाठी थिअरीत किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी क्लिनिकलचे १०० टक्के तास भरावेच लागतात. थोडक्यात, ४८० तासांना हात लावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि १४० तासांतून काही वाचवले तरी त्या वाचलेल्या वेळेचे करायचे काय, हे आधी ठरवल्याशिवाय वाचवण्याला अर्थ राहत नाही. व्यवस्थापनाला तो वेळ शिक्षकसंख्या कमी करण्यासाठी हवा असेल, तर १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हा कौन्सिलचा निकष टिपणातच नोंदवून ठेवा. नंतर तोंडी सांगण्यापेक्षा आधी लेखी असलेले बरे.

माझ्या मते तुमची खरी अडचण त्या ४० तासांत आहे. १० जणांची एक तुकडी, एक मॅनेकिन (सरावाचा पुतळा) आणि ६० मिनिटे असा सरळ भाग लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ मिनिटे येतात. शिक्षिकेने आधी २५ मिनिटे डेमो दिला, तर उरलेल्या ३५ मिनिटांत रिटर्न डेमोला (विद्यार्थ्याने तेच स्वतः करून दाखवण्याला) प्रत्येकी साडेतीन मिनिटे उरतात, आणि साडेतीन मिनिटांत निर्जंतुक हातमोजे घालून ड्रेसिंगचा ट्रे उघडणेसुद्धा धड होत नाही. म्हणून ऑनलाइन न्यायचाच असेल तर पहिल्यांदा डेमो न्या. तुमच्याच लॅबमध्ये, तुमच्याच ट्रेवर, तुम्हीच केलेला डेमो चित्रित करून विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी पाहायला द्या आणि लॅबचा पूर्ण तास त्यांच्या हातांना द्या. यात थिअरीचा एकही तास कमी होत नाही, तरीही सर्वांत जास्त लाभ याच बदलातून होतो.

पॅकेजच्या जाहिरातीत 'परिणामकारकता सिद्ध' असे लिहिलेले असेल तर थोडे सावध राहा. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या ई-लर्निंगचा आढावा घेतला होता. त्यात १६ नियंत्रित चाचण्या होत्या, आणि पारंपरिक प्रशिक्षणाच्या तुलनेत ज्ञानात, कौशल्यात किंवा रुग्णांवरील परिणामात फारसा फरक आढळला नाही. तो आढावा पदवीधर व्यावसायिकांचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हे, हे खरे; पण माध्यम बदलले म्हणजे शिकणे सुधारते, या गृहीतकाला त्याने आधार दिला नाही एवढे नक्की. याउलट सिम्युलेशनबाबतचा (मॅनेकिनवर किंवा बनवलेल्या प्रसंगांतून केलेल्या सरावाबाबतचा) अमेरिकेतील राष्ट्रीय अभ्यास पाहा. तेथील नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर केलेला हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास उत्तम दर्जाच्या सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. हे वाक्य आपल्याकडे अर्धवट सांगितले जाते. त्या महाविद्यालयांत सिम्युलेशन घेणाऱ्या शिक्षकांना खास प्रशिक्षण दिलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर नीट, ठरलेल्या पद्धतीने चर्चा होत असे. नुसते महागडे मॅनेकिन आणून काचेच्या खोलीत ठेवले तर त्याचा उपयोग तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवण्यापलीकडे होत नाही.

पैशाविषयी एकच सांगते. या सत्रात तुमच्याकडे बेसिक लाइफ सपोर्टचे (हृदय बंद पडल्यास करायच्या प्राथमिक उपचाराचे) मॉड्यूलही आहे. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, प्रौढ व्यक्तीत किमान ५ सेंटिमीटर खोल आणि ६ च्या आत, हे कोणत्याही व्हिडिओवरून पाठ होते. परंतु आपला हात ४ सेंटिमीटरवरच थांबतो आहे हे दाबाची खोली दाखवणाऱ्या मॅनेकिनशिवाय कळत नाही. पॅकेजच्या वार्षिक शुल्कात तशी किती मॅनेकिन येतात, याची तुलना टिपणात जरूर द्या.

उत्तर : वॉर्ड इन्चार्ज, ठाणे पश्चिम

मी एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डाची इन्चार्ज आहे आणि आमच्याकडे वेगवेगळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पोस्टिंगला येतात. प्राचार्या मॅडमनी डेमोविषयी लिहिले ते मला पटते, पण 'तुमच्याच ट्रेवर' हे त्यांचे शब्द मी आणखी ठळक करू इच्छिते, कारण परदेशी व्हिडिओ पाहून आलेल्या विद्यार्थ्यांमुळे आम्हाला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते.

इन्सुलिनचेच घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. सिरिंजही दोन्ही मिळतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. इंटरनेटवर जे चकचकीत व्हिडिओ असतात त्यांत केवळ १०० युनिटचेच इन्सुलिन आणि त्याचीच सिरिंज दाखवलेली असते, त्यामुळे बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळते की नाही हे पाहण्याची पायरीच त्यांत नसते. विद्यार्थिनी तेवढेच शिकून येते. तिने १०० युनिटची बाटली घेतली, ४० ची सिरिंज उचलली आणि २० च्या रेषेपर्यंत भरले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर औषध येते, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. उलट जोडी झाली तर २० ऐवजी ८ युनिटच जातात. पहिल्या प्रकारात रुग्णाची साखर धोकादायक उतरेल, म्हणजे तो हायपोग्लायसेमियात जाईल. दुसऱ्यात साखर का उतरत नाही म्हणून सगळे कोड्यात पडतील. कोणत्याही तयार पॅकेजमध्ये ही पायरी आहे का, हे मॅडमनी कंपनीच्या माणसाला अवश्य विचारावे. उत्तरावरून ते पॅकेज कोणासाठी तयार झाले आहे ते लगेच कळेल.

सलाइनच्या सेटचेही तसेच आहे. आमच्या वॉर्डात मिलिलिटरला २० थेंबांचा सेट असतो आणि लहान मुलांकडे ६० थेंबांचा मायक्रोड्रिप. अमेरिकी व्हिडिओंत १० किंवा १५ थेंबांच्या सेटवर गणित सोडवलेले असते. ५०० मिलिलिटर ४ तासांत द्यायचे असेल तर २० च्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब येतात आणि १५ च्या सेटवर ३१. सूत्र बरोबर, उत्तर चुकीचे, आणि विद्यार्थ्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास! सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय मात्र पाकीट हातात घेतल्यावरच लागते. ग्लुकोजचे ब्रिटिश व्हिडिओ तर मिलिमोलमध्ये बोलतात, तिथले ५.५ म्हणजे आपले साधारण १००. विद्यार्थ्याला १८ ने गुणायचे माहीत नसेल तर ते आकडे त्याच्या काही उपयोगाचे नाहीत.

वॉर्डात मोबाइल वापरण्याविषयी माझे मत कडक आहे आणि ते मी बदलणार नाही. रुग्णाचा, त्याच्या केसपेपरचा किंवा खाटेवरच्या नावाच्या पट्टीचा फोटो कोणत्याही कारणाने काढायचा नाही, 'केस प्रेझेंटेशनसाठी' तर नाहीच. तुमच्या अभ्याससामग्रीसाठी वॉर्डातले काही हवे असेल तर मेट्रनची लेखी परवानगी घेऊन रिकाम्या खोलीत क्रॅश कार्टचे (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचे) कप्पे, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, आमच्या पद्धतीचा टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्ट आणि इनटेक-आउटपुटचा कोरा कागद यांचे फोटो घ्या. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी ॲड्रेनॅलिन कोणत्या कप्प्यात आहे हे विद्यार्थ्याला आधीच माहीत असेल, तर आम्ही सिस्टर तुम्हाला दुवा देऊ.

उत्तर : अंतिम वर्ष विद्यार्थिनी, खारघर

आदरणीय मॅडम, मी विद्यार्थी म्हणून थोडे लिहिते. मी मूळची मुरबाड तालुक्यातील असून येथे वसतिगृहात राहते.

आमच्या वर्गाला रेकॉर्ड केलेली ५० मिनिटांची व्याख्याने दिली होती आणि ती पूर्ण पाहिल्याची नोंद झाली तरच हजेरी लागत असे. बहुतेक जण आवाज बंद करून, वेग दुप्पट करून मोबाइल उशाशी ठेवत आणि केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) लिहीत बसत. यात कोणाचा आळस होता असे मला वाटत नाही. सकाळी साडेसहाच्या बसने पोस्टिंगला जायचे, दुपारी परत येऊन वर्गात बसायचे आणि रात्री प्रोसिजर बुक व केअर प्लॅन पूर्ण करायचे, यात आणखी ५० मिनिटे निघत नाहीत. नवे काही ऑनलाइन द्यायचे असेल तर लिहिण्यातले काही कमी करावे, एवढी विनंती आहे. एकच माहिती प्रोसिजर बुक, केअर प्लॅन आणि लॉग बुक अशी तीन ठिकाणी उतरवण्यात आमचा फार वेळ जातो.

आम्हाला खरोखर उपयोगी पडले ते एका मॅडमनी दिलेले ५-६ मिनिटांचे व्हिडिओ. पडद्यावर इंग्रजी संज्ञा आणि बोलणे मराठीत, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी 'असे का करायचे' हे मराठीत ऐकले की डोक्यात बसते. मध्येच व्हिडिओ थांबून प्रश्न येई : रुग्णाला ऑक्सिजन चालू आहे, ह्युमिडिफायरमध्ये बुडबुडे दिसत नाहीत, आधी काय तपासाल? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मॅडम तोच प्रश्न रुग्णाजवळ उभे राहून विचारत. आपल्याला उद्या विचारले जाणार आहे हे माहीत असल्यामुळे आम्ही पाहत असू, मग हजेरीचे बंधन लागत नसे.

गावी नेटवर्क येत-जात असते, त्यामुळे सुट्टीत दिलेले काम आधी डाउनलोड करता येईल अशाच स्वरूपात द्यावे. आणि चाचणीला थोडे तरी गुण असावेत. गुण नसलेली चाचणी सोडवायची वेळ कधी येतच नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

उत्तर : नर्सिंग शिक्षक, ऐरोली

आमच्या महाविद्यालयातील मूडलचे (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवण्याच्या संगणकप्रणालीचे) काम माझ्याकडे आहे, म्हणून तयार पॅकेज की स्वतःचे, या प्रश्नावर लिहितो.

मूडल २००२ पासून आहे, त्याला परवाना शुल्क नाही, आणि ज्याला महाविद्यालयाची वेबसाइट सांभाळता येते असा माणूस ते बसवू शकतो. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि शिक्षकांच्या वेळेचा, आणि दुसरा खर्च कोणी कागदावर धरत नाही. ६ मिनिटांचा चांगला व्हिडिओ करायला लेखन, चित्रण, पुन्हा चित्रण आणि मराठी निवेदन धरून एक पूर्ण दिवस सहज जातो. तो दिवस वेळापत्रकात दिलेला नसेल तर पहिल्या महिन्यानंतर काम थंडावते. तेव्हा प्राचार्यांकडून पैशांऐवजी आठवड्यातला अर्धा दिवस मागून घ्या.

तयार पॅकेजविषयी माझे मत इथल्या इतरांइतके प्रतिकूल नाही. शरीररचना, हृदयाचे ध्वनी, फुप्फुसांचे ध्वनी, ईसीजीच्या लहरी हे जगभर सारखेच असते आणि ते स्वतः तयार करण्यात शक्ती घालवू नये. मायट्रल मर्मर (हृदयाच्या झडपेतील दोषाचा आवाज) ऐकवायला आपल्या वॉर्डात हवा तेव्हा रुग्ण मिळत नाही. तिथे विकतचे किंवा मोफत उपलब्ध असलेले साहित्यच चांगले. पुढच्या सत्रांत मिडवाइफरीला याल तेव्हा सेफ डिलिव्हरी ॲप तर अभ्यासक्रमातच घातलेले आहे, ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय चालते. मात्र जिथे औषध, उपकरण किंवा कागद आपल्या रुग्णालयातला आहे, तिथे व्हिडिओही आपलाच हवा. इन्चार्ज सिस्टरनी दिलेले इन्सुलिनचे उदाहरण मी उद्याच आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

व्हिडिओच्या लांबीबाबत विद्यार्थिनीने लिहिले ते अभ्यासातूनही दिसले आहे. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा ६ मिनिटांपर्यंतचे व्हिडिओच लोक टिकून पाहतात असे आढळले. व्हिडिओ मध्ये थांबवून प्रश्न विचारण्याची सोय मूडलमध्ये एचफाइव्हपी या मोफत साधनाने होते. तेवढे एक लक्षात ठेवा की यूट्यूबवर ठेवलेला व्हिडिओ मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये डाउनलोड होत नाही. गावी जाणाऱ्यांसाठी तीच फाइल कमी रिझोल्यूशनमध्ये थेट मूडलवर चढवावी लागेल, आणि सर्व्हरची जागा त्या हिशेबाने घ्यावी लागेल.

आता ज्यासाठी मी मूडलचा आग्रह धरतो ते सांगतो. त्यात 'कॅल्क्युलेटेड' नावाचा प्रश्नप्रकार आहे. तुम्ही सूत्र एकदा द्यायचे आणि आकड्यांच्या मर्यादा ठरवायच्या. मग प्रत्येक विद्यार्थ्याला तेच गणित वेगळ्या आकड्यांसह येते. व्हॉट्सॲपवर उत्तर फिरवून काही साधत नाही, कारण शेजारच्याचे उत्तर आपल्या प्रश्नाचे नसते. फार तर मित्राला पद्धत विचारता येते, आणि ती विचारली तर आपल्याला हवेच आहे. थेंबांचे गणित, इन्सुलिनचे मिलिलिटर, वजनावरून मात्रा, इनटेक-आउटपुटची बेरीज असे चार प्रकार एकदा करून ठेवले की सत्रभर दर आठवड्याला चाचणी घेता येते आणि एकही पेपर तपासावा लागत नाही. विद्यार्थी एकदा वाचून विसरतो, पण आठवड्याच्या अंतराने पुन्हापुन्हा आठवून सोडवले की टिकते. औषधांच्या गणितात तर हे फार ठळकपणे दिसते. ६० विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ताजे गणित देणे वहीवर कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. मला विचाराल तर ऑनलाइन साधनाचा खरा हक्क अशा कामावर आहे, व्याख्यानावर नाही.

उत्तर : निवृत्त प्राचार्या, ठाणे पूर्व

गुणांच्या मुद्द्यावर विद्यार्थिनीशी माझा मतभेद आहे. घरी बसून सोडवलेल्या चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले की चाचणी सरावाची राहत नाही आणि विद्यार्थी चूक लपवू लागतो. सराव कितीही वेळा करू द्यावा, त्याची नोंद फक्त शिक्षिकेला दिसावी, आणि अमुक टक्क्यांच्या वर पोहोचल्याशिवाय पोस्टिंगला त्या औषधाच्या ट्रॉलीला हात लावता येणार नाही असा नियम करावा. गुण द्यायचे ते लॅबमध्ये, समोर उभे करून, ऑस्कीच्या (ठरलेल्या टप्प्यांवर प्रत्यक्ष काम करवून घेण्याच्या परीक्षेच्या) पद्धतीने द्यावेत. ती पद्धत १९७५ मध्ये डंडीत हार्डन यांनी मांडली ती याचसाठी, की प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच कामावर, त्याच चेकलिस्टने जोखता यावे.

तीन ठिकाणी एकच मजकूर उतरवण्याविषयी तिने लिहिले आहे त्याकडे मात्र सर्व शिक्षकांनी लक्ष द्यावे. तक्रार खरी आहे.

प्रश्नकर्ती : ट्यूटर, नेरूळ

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाची दिशा आता ठरली. थिअरीचे तास ऑनलाइन नेण्याचा आकडा मी देणार नाही. त्याऐवजी लॅबच्या ४० तासांतील डेमो बाहेर काढण्याचा प्रस्ताव देईन आणि तो साडेतीन मिनिटांचा हिशेब तसाच मांडेन. पहिल्या खेपेला फक्त इन्सुलिन, आयव्ही इन्फ्युजन, ऑक्सिजन देणे आणि शस्त्रक्रियेनंतरचे निरीक्षण एवढ्याच चार गोष्टी घेऊ. पॅकेजऐवजी बेसिक लाइफ सपोर्टची मॅनेकिन आणि आठवड्याचा अर्धा दिवस मागेन. यांपैकी अर्धा दिवस मिळणे अधिक कठीण आहे, हे येथील बऱ्याच जणांना सांगायला नको. पोस्टिंगचा करार असलेल्या रुग्णालयाच्या मेट्रन मॅडमना कोऱ्या चार्टसाठी आणि क्रॅश कार्टच्या फोटोंसाठी पत्र दिले आहे. केअर प्लॅनचा मजकूर लॉग बुकमध्ये पुन्हा न लिहिता तिथे फक्त पान क्रमांक द्यावा, हा मुद्दा विभागाच्या बैठकीत ठेवते. गुणांविषयी प्राचार्या मॅडमचा मार्ग करून पाहू. विद्यार्थिनीची शंका मनात आहेच, म्हणून सत्राच्या मध्यावर किती जण खरोखर सराव करतात ते पाहूनच पुढचे ठरवू.

ऐरोलीच्या सरांना एक तांत्रिक प्रश्न. कॅल्क्युलेटेड प्रकार मी करून पाहिला, पण मूडलने '७३७ मिलिलिटर ५ तासांत' असले आकडे काढले, आणि अशी सलाइनची बाटली कुठे नसते. शिवाय उत्तर ४१.६७ आले की ४२ लिहिणाऱ्याला ते चूक ठरवते. यावर उपाय आहे का?

उत्तर : नर्सिंग शिक्षक, ऐरोली

दोन्हींवर आहे. बदलता आकडा थेट मिलिलिटरचा ठेवू नका. तो १ ते २ असा, दशांशाशिवाय ठेवा आणि प्रश्नाच्या वाक्यात व सूत्रात दोन्हीकडे त्याला ५०० ने गुणा, म्हणजे बाटली ५०० किंवा १००० ची येईल. तासांचा आकडा ४ ते १० मध्ये, पूर्णांकात ठेवा. उत्तरासाठी सूत्राभोवती राउंड हे (पूर्णांकात आणणारे) फंक्शन लावा, म्हणजे मूडल स्वतःच ४२ धरेल, आणि खालचा टॉलरन्सचा (किती फरक चालेल याचा) प्रकार 'नॉमिनल' करून मर्यादा ०.५ ठेवा, म्हणजे ४१ लिहिणाऱ्याला गुण मिळणार नाहीत. वॉर्डात एका थेंबाने बिघडत नाही हे खरे, पण पूर्णांकात नीट आणायची सवय गणितातच लागावी. मायक्रोड्रिपचा प्रश्न वेगळा करा आणि त्यात सूत्र लावायला सांगूच नका. ६० थेंबांच्या सेटवर मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलिलिटर यांचा आकडा एकच असतो, हे त्यांचे त्यांना चौथ्या-पाचव्या गणितात सापडू द्या.